चाळीस मीटरच्या आत

दुपदरी रस्ता चौपदरी झाला की तो नवा रस्ता असतो. नाल्याला ते कळतं, रानडुकराला कळतं, रस्त्यापलीकडे वावर असलेल्या शेतकऱ्याला तर पहिल्याच पेरणीला कळतं. कायद्याला मात्र तो जुनाच रस्ता वाटतो. आणि जुना रस्ता ‘सुधारायचा’ असेल, तर आजूबाजूच्या माती-पाण्याचं काय होईल हे आधी तपासण्याची बहुतेक वेळा गरज नाही, असं आपल्या देशात 2013 पासून ठरलेलं आहे. या आठवड्यात त्याबद्दलच लिहायचं आहे. यवतमाळ जिल्ह्यात एक पावसाळा फिरलं, तरी त्या ठरवण्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी रस्त्याच्या विरोधात नाही. उमरखेडकडची अडलेली बाई यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत शंभरेक किलोमीटर कशी न्यायची, हा प्रश्न ज्या घरात रात्री दोन वाजता पडतो, त्या घराला चांगल्या रस्त्याची किंमत शिकवायला नको. कापसाची गाडी खड्ड्यात अडकली की जिनिंगवरचा नंबर जातो. रस्ते हवेच होते, आणि झाले. जुना सात नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग 44, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तेलंगणात उतरतो. 361 नंबरचा, लोकांच्या तोंडी नागपूर–तुळजापूर, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्हा उभा कापत जातो. वणीकडे वरोऱ्याहून 930 येतो. माझी तक्रार रस्त्याशी नाही. रस्ता करण्याआधी कुणी काही विचारायचंच नाही, या सोयीशी आहे.

ती सोय कशी झाली ते बघा. 14 सप्टेंबर 2006 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. कोणत्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागेल, कुठे जनसुनावणी होईल, हे तिच्यात ठरलं. महामार्ग रुंद करायचा, लांबी 30 किलोमीटरच्या वर आणि जास्तीची रुंदी 20 मीटरच्या वर, तर मंजुरी घ्या, असा मूळचा नियम होता. मग नियोजन आयोगाचे सदस्य बी. के. चतुर्वेदी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 22 ऑगस्ट 2013 ला राष्ट्रीय महामार्गांसाठी आकडे बदलले. 30 किलोमीटरचे 100 झाले. 20 मीटरचे 40 झाले. रस्ता वळवायचा किंवा गावाबाहेरून बायपास काढायचा असेल, तर 60.

आता साधं गणित करू. मोकळ्या माळावरच्या चौपदरी महामार्गाला 60 मीटर रुंदीची पट्टी लागते, हे महामार्ग बांधणाऱ्यांचंच प्रमाण आहे. जुन्या दुपदरी रस्त्याची जागा 24 ते 30 मीटर धरा. उरले 30 ते 36. म्हणजे 40 च्या आत. बायपास पूर्ण नवा, अख्ख्या 60 मीटरचा, शेतांच्या मधून. पण मर्यादाही 60 च. रुंदीकरणाची रोजची कामं ज्या मापात बसतात, नेमकं तेच माप सवलतीचं ठेवलं आहे. नेहमीचा चौपदरी रस्ता ज्यात सापडतच नाही, त्या नियमाला पर्यावरण तपासणीचा नियम का म्हणायचं?

लांबीचंही तसंच. 361 चं काम तुकड्यांनी दिलं गेलं. बुटीबोरी ते वर्धा 59 किलोमीटर, वर्धा ते यवतमाळ 65, यवतमाळ ते महागाव 80, महागाव ते वारंगा 67. बेरीज 271. यातला एकही तुकडा शंभरी गाठत नाही. तुकडे करायला कारणं असतात, ती मला मान्य आहेत. एका कंत्राटदाराला पावणेतीनशे किलोमीटर झेपत नाहीत, बँका कर्ज देत नाहीत, काम लांबतं. कंत्राट तुकड्यांनी द्या की. पण परिणामांचा हिशेबही तुकड्यांनीच का करायचा? अरुणावती आर्णीला कंत्राटाची हद्द बघून वळत नाही.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तमिळनाडूत विल्लुपुरम ते नागपट्टिणम महामार्गाचे चार तुकडे केले होते. 19 जानेवारी 2021 ला निकाल आला. रुंदी मर्यादेत आहे, म्हणून मंजुरीची गरज नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पण त्याच निकालात हेही सांगितलं की मंजुरी चुकवण्यासाठी प्रकल्पाचे तुकडे करणं चालणार नाही, आणि अशी विभागणी कधी योग्य, कधी नाही, हे ठरवायला मंत्रालयाने तज्ज्ञांची समिती नेमावी. उत्तराखंडात चारधामच्या जवळपास 900 किलोमीटर रस्त्याचे 53 तुकडे झाले होते. तिथे डोंगर खचले, ते देशाने टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे डोंगर खचत नाही. आपल्याकडे वावर चिबडतं, आणि त्याची बातमी होत नाही.

चिबडण्याचीच गोष्ट नीट सांगतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

जिल्ह्यातल्या एका गावात गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभा होतो. सोयाबीन पिवळं पडलेलं, पायाखाली चिखल नव्हे, पाणी. तो म्हणाला, “भाऊ, रस्ता वर गेला अन् वावर खाली राहिलं. पयले पाणी या अंगानं येऊन त्या अंगानं निघून जाये. आता ते जाईन कोठं?” त्याच्या वावराच्या खालच्या बाजूला रस्त्याचा भराव होता, माणसाच्या डोक्याहून उंच. मोरी होती, नाही असं नाही. पण ती होती दीडशे पावलं पुढे, जिथे नकाशावर नाला दाखवलाय तिथे. त्याच्या वावरातून पाणी वाहायचं ते नाल्यातून नव्हे. ते सगळ्या उतारावरून पसरून वाहायचं, जसं काळ्या मातीत वाहतं. भरावाने ते अडवलं आणि धुऱ्याधुऱ्याने मोरीकडे वळवलं. त्याच्या वावरात पाणी साचतं, मोरीखालच्या वावराची माती खरडून जाते. एकाच रस्त्याने दोघांचं नुकसान, दोन वेगळ्या तऱ्हांनी.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर थेट डांबर टिकत नाही, म्हणून मुरूम टाकून भराव उंच करावा लागतो. इंजिनिअरच्या दृष्टीने तो बरोबर आहे. रस्ता वाचतो. वावराचं काय, हे विचारायची जागा म्हणजे परिणामांचं मूल्यांकन. तीच जागा नियमाने काढून टाकली.

मूल्यांकन होतं तिथेही एक खोट राहते. हवा, पाणी, आवाज यांच्या मूळ नोंदी साधारणपणे एका हंगामाच्या घेतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून निवडतात. यवतमाळात मार्च-एप्रिलमध्ये नाला बघायला गेलात तर काय दिसेल? वाळू, दगड, पळसाची पानं. जूनमध्ये तोच नाला दोन तासांत बैलबंडी वाहून नेतो. 22 जुलै 2023 आठवा. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला, 45 माणसं अडकली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावं लागलं. त्या पुराचं खापर मी कुठल्याही रस्त्यावर फोडत नाही. एका रात्रीत तेवढा पाऊस पडला तर कुठलाही तांडा वेढला जाईल. पण ज्या तालुक्यात असा पाऊस येतो, तिथे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे पावसाळ्यात चालून पाहिल्याशिवाय भराव टाकायचा नाही, एवढी अक्कल नियमात असायला हवी. ते पाणी ज्याने पाहिलंय तो माणूस गावातच असतो. त्याला विचारायला पैसे पडत नाहीत.

भूसंपादनाचा 2013 चा कायदा सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा करतो. राष्ट्रीय महामार्गांची जमीन मात्र 1956 च्या महामार्ग कायद्याने घेतली जाते, आणि तिला तो अभ्यास लागू नाही. मोबदल्याच्या तरतुदी लागू आहेत, अभ्यास नाही. शेतकऱ्याच्या हाती उरते कलम 3 सी ची हरकत, तीही अधिसूचनेपासून 21 दिवसांत. पेपरातली नोटीस गावात पोचेपर्यंत, गट नंबर जुळवेपर्यंत आणि सातबारा काढेपर्यंत हे 21 दिवस कसे जातात, ते ज्याची जमीन गेली त्याला विचारा. वनजमीन लागत असेल तर वनखात्याची परवानगी लागते, हे खरं. पण ती वनजमिनीपुरती. वावर, पांदण, गायरान आणि नाला यांच्या वतीने बोलायला त्या फायलीत कुणी नाही.

आता वाघाकडे येतो. यवतमाळचा रस्ता आणि वाघ वेगळे करता येत नाहीत.

टिपेश्वर अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं. वाघांना ते पुरत नाही. तिथल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात गेला, परत आला, शेतांतून, नद्यांच्या काठाने, रस्ते ओलांडत चालत राहिला आणि डिसेंबरमध्ये बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरच्या नोंदीत त्याची एकूण चाल 3,000 किलोमीटरच्या वर गेली. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ पुढे धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगच्या जंगलात कॅमेऱ्यात सापडला. या वाघांनी किती चौपदरी ओलांडले असतील, ते मोजा. दर वेळी ते नशिबाने वाचले. बोरच्या जंगलातला बाजीराव नावाचा वाघ नाही वाचला. डिसेंबर 2017 मध्ये नागपूर–अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ तो गाडीखाली मेला.

यावर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रातच करून दाखवलेला आहे. याच 44 नंबरच्या महामार्गावर, नागपूरच्या वर, मनसर ते खवासा हा पट्टा पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करायचं ठरलं तेव्हा वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले, हरित लवादात गेले, काही वर्षं भांडले. भारतीय वन्यजीव संस्थेने रस्त्याखालून प्राण्यांच्या वाटा कुठे हव्यात ते सांगितलं. शेवटी 9 वाटा बांधल्या, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत लांबीच्या. 2019 मध्ये संस्थेने तिथे कॅमेरे लावले. वन्यप्राण्यांची 5,450 छायाचित्रं मिळाली, 18 जातींची. वाघ 89 वेळा दिसले, वेगवेगळे 11. चितळांचे कळप, रानकुत्री, सगळे खालून गेले. वर ट्रक चालू होते.

म्हणजे रस्ता अडला नाही, वाघही मेला नाही. फक्त आधी विचारावं लागलं. पेंचला विचारलं गेलं, कारण तो व्याघ्रप्रकल्प आहे आणि त्याच्या बाजूने भांडायला नागपूरची खमकी माणसं होती. त्याच रस्त्याने दक्षिणेला साधारण दोनशे किलोमीटर उतरलं की पांढरकवड्याच्या पुढे उजव्या हाताला टिपेश्वर लागतं. ते व्याघ्रप्रकल्प नाही, नुसतं अभयारण्य. पूर्वेला ताडोबाकडे जायचं तर तिथल्या वाघाला हाच महामार्ग ओलांडावा लागतो. वाघाला संरक्षणाचा दर्जा कळत नाही. वाट जुनी असेल तर तो त्याच वाटेने येणार. ती वाट कुठे रस्त्यावर येते, हे वनरक्षकाला आणि गुराख्याला पाठ असतं. आणि वाघ माणसांत आला की काय होतं, तेही याच जिल्ह्याने पाहिलंय. नोव्हेंबर 2018 मध्ये राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-1 वाघीण मारली गेली. तिच्या आधी त्या भागात वाघाच्या हल्ल्यांत 13 माणसं गेली होती. माणूस आणि वाघ एकमेकांच्या अंगावर येण्याची ती हद्द होती. जंगलाचे तुकडे जितके बारीक होतील, तितकं हे वाढत जाईल. ती 13 माणसं आणि ती वाघीण, सगळ्यांची आठवण ठेवून मी हे लिहितो आहे.

कोलामांबद्दल बोलल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, यवतमाळात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत आहेत. वनहक्क कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागते. 5 फेब्रुवारी 2013 च्या पत्राने केंद्राने रस्ते, कालवे, तारांच्या लाइनी अशा लांबट प्रकल्पांना त्या संमतीतून सूट दिली. पण सुटीला एक अपवाद ठेवला: विशेष असुरक्षित जमातींचे हक्क बाधित होत असतील, तर सूट नाही. म्हणजे कोलाम पोडाच्या वनहक्कातून रस्ता जाणार असेल तर त्या पोडाची ग्रामसभा भरवावीच लागेल. ही ओळ पोडापर्यंत पोचवणं हे तालुक्याच्या प्रत्येक शिक्षकाचं, ग्रामसेवकाचं आणि पत्रकाराचं काम आहे.

मुरमाचं थोडक्यात. भरावाला लागणारी माती आणि मुरूम खणायला पर्यावरण मंजुरी लागणार नाही, अशी सूट 28 मार्च 2020 ला देण्यात आली. लॉकडाउन लागून चार दिवस झाले होते, हरकती मागवल्याच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 ला ती सूट रद्द केली. तुमच्या शिवारातली टेकडी आता कुणी विनापरवाना पोखरत असेल, तर हा निकाल हातात ठेवून तहसीलला जा.

आणि भाषा. 2020 साली केंद्राने 2006 च्या अधिसूचनेऐवजी नवा मसुदा आणला, त्यात जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणायची होती. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 ला आदेश दिला की आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत तो द्या. केंद्र त्या आदेशाविरुद्ध वर गेलं. ज्या माणसाची हरकत ऐकायची, त्याच्या भाषेत कागद द्यायला इतकी खळखळ कशासाठी? आजही सुनावणीत मराठीत मिळतो तो गोषवारा. नाल्यांची यादी, झाडांची मोजणी, मोऱ्यांची मापं, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचं सगळं, आत इंग्रजीत राहतं.

आधी विचारण्याची ही परीक्षा आता पुन्हा येते आहे. पवनारहून पत्रादेवीला जाणारा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग 2025 मध्ये ज्या 12 जिल्ह्यांतून आखलेला होता, त्यात यवतमाळ आहे. 24 जून 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. कोल्हापूरने आवाज केला आणि सरकारला तिथल्या आखणीवर पुन्हा विचार करावा लागला. यवतमाळचा आवाज तेवढा मोठा झाला नाही, त्याला कारण इथल्या शेतकऱ्याची थकलेली अवस्था आहे. त्याच्या गप्प बसण्याला संमती समजू नका. तो रस्ता नवा आहे, त्यामुळे त्याला चाळीस मीटरची सवलत नाही. त्याची जनसुनावणी जिल्ह्याला एक अशी उरकू नका. उमरखेडच्या शेतकऱ्याने रोजी बुडवून यवतमाळला येऊन तीन मिनिटं बोलायचं, हे बरोबर नाही. कळंब, आर्णी, महागाव, उमरखेड, तालुक्याला एक सुनावणी घ्या, पूर्ण अहवाल मराठीत द्या आणि पाण्याच्या नोंदी पावसाळ्यात घ्या.

रुंदीकरणाच्या कामांसाठी मात्र कायदा बदलेपर्यंत थांबता येणार नाही. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावाजवळचा रस्ता रुंद होणार असेल, तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांतली जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात ठराव घ्या. भर पावसात दोन तास शिवारफेरी करा, म्हातारी माणसं आणि गुराखी बरोबर घ्या. पाणी कुठून उतरतं, जनावरं कुठून जातात, बैलबंडी कुठून ओलांडते, याच्या खुणा गावनकाशावर करा. माहितीच्या अधिकारात मोऱ्यांचा आराखडा मागवा आणि तो नकाशाशेजारी ठेवून बघा. जिथे जुळत नाही तिथे लाल पेनाने गोल करा आणि काम सुरू होण्याआधी तो कागद जिल्हाधिकाऱ्यांना द्या. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या.